मातीवाचून उगवलेले लान : चिनी पंडित-चित्रकलेतील एका वनस्पतिप्रतीकाचा विचार

चिनी पंडित-चित्रकलेविषयी लिहिताना वेळू म्हणजे ताठ कणा, मेइ म्हणजे कडाक्याच्या थंडीतील धीर, शेवंती म्हणजे निवृत्ती आणि लान (ऑर्किड) म्हणजे अप्रकट सद्गुण, अशी अर्थांची यादी देण्याचा प्रघात आहे. ही यादी चुकीची नाही. परंतु तिच्या आधारे एकही चित्र पुरते उलगडत नाही. ‘चार सज्जन’ ही या वनस्पतींची जुळणी मिंग काळाच्या अखेरीस, १६२० च्या सुमारास निघालेल्या चित्रसंग्रहाच्या काळात रूढ झाली. प्रत्येक वनस्पतीची परंपरा मात्र कितीतरी जुनी व स्वतंत्र आहे. शेवंतीला तिचा अर्थ दिला तो ४०५ मध्ये सरकारी पद सोडून शेतीकडे परतलेल्या थाओ युआनमिंगने. मेइला दिला तो पश्चिम सरोवराकाठी एकांतात राहिलेल्या लिन बूने (९६७–१०२८). येथे वनस्पतीला अर्थ येतो तो तिच्या गुणधर्मांइतकाच एखाद्या कवीच्या चरित्रातून.

लानच्या बाबतीत तर वनस्पतीच बदलली आहे. राजाने दूर लोटलेल्या छू युआनच्या ‘ली साव’ या काव्यात निष्ठावंताचे भूषण म्हणून येणारे ‘लान’ हे आजचे ऑर्किड नसून पाणथळ जागी वाढणारे एक सुगंधी झुडूप असावे, असे अभ्यासक मानतात. पुढे तेच नाव ऑर्किडला मिळाले आणि नावाबरोबर निष्ठेचा अर्थही त्याच्याकडे आला.

या वारशाचा सर्वांत तीव्र प्रत्यय झेंग सिश्यावच्या (१२४१–१३१८) चित्रात येतो. १२७६ मध्ये सोंग राजवटीची राजधानी मंगोलांच्या हाती गेली, १२७९ मध्ये उरलासुरला प्रतिकारही संपला. झेंगने ‘सिश्याव’ हे नाव त्यानंतर घेतले. ‘श्याव’ हा सोंग राजघराण्याच्या ‘झाओ’ या आडनावाच्या चिन्हाचा एक घटक. नावाचा अर्थ त्या घराण्याचे स्मरण. त्याचे १३०६ मधील लानचे शाईचित्र आज ओसाकाच्या संग्रहालयात आहे. मोजकी पाने, नाजूक फूल, आणि खाली जमीन नाही. माती का नाही, असे विचारता ती परकीयांनी चोरून नेली, असे त्याने उत्तर दिल्याची कथा सांगतात. चित्रावरील त्याच्या कवितेत मात्र या तक्रारीचा उच्चार नाही. तिथे प्राचीन सुगंधाची गोष्ट आहे. संस्कृत अन्योक्तीत चंदनाला वा केतकीला उद्देशून बोललेले वाक्य स्वतःच दुसरा अर्थ सुचवते. झेंगच्या चित्रात तो सुचवणारी वस्तू चित्रात नाहीच. पाहणाऱ्याला इतिहास ठाऊक नसेल, तर तो रिकामा कागद केवळ रिकामा कागद राहतो.

ज्या घराण्याचे स्मरण झेंगने नावात वागवले, त्याच घराण्यातला झाओ मेंगफू (१२५४–१३२२) १२८६ मध्ये युआन दरबाराच्या सेवेत गेला. झेंगने त्याची भेट नाकारली, असे परंपरा सांगते. अशा माणसाने वेळू रंगवावा, याला काय म्हणावे? वेळू हा ठरीव संकेत मानला तर ते ढोंग ठरेल. पण झाओने अर्थाचे स्थानच हलवले. खडक, वृक्ष आणि वेळूच्या एका प्रसिद्ध चित्रावर त्याने लिहिले आहे, की यांतील प्रत्येकासाठी सुलेखनाची वेगळी पद्धत वापरावी. चित्र आणि लेखन मुळात एकच आहेत. वेळूने काय सांगावे यापेक्षा तो रेखाटणारा हात कसा आहे, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. अर्थात ही सुटका पूर्ण नव्हती. १६४४ नंतर स्वतः राजवटीचा अस्त अनुभवलेल्या फू शानने (१६०७–१६८४) झाओच्या अक्षरांतच मऊपणा शोधला आणि तो त्याच्या चारित्र्याशी जोडला. उतारवयात मात्र फू शानने हे मत बरेच सौम्य केले.