रद्द तिकिटाचे सगळेच पैसे बुडतात का?

प्रश्न : सासूबाई अचानक आजारी पडल्याने आमची पुणे–दिल्ली विमानाची तिकिटे रद्द केली. सवलतीच्या दराची असल्याने एक रुपयाही परत मिळणार नाही, असे एजंट म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. तिकिटाच्या रकमेत मूळ भाडे, इंधन अधिभार आणि विमानतळाशी संबंधित शुल्के असतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त आकारता येत नाही. वापरकर्ता विकास शुल्कासारखी (यूडीएफ) विमानतळ शुल्के, मूळ भाडे परत न मिळणाऱ्या तिकिटावरही, परत द्यावीच लागतात.

तिकिटाची पावती उघडून भाड्याचा तपशील पाहा. प्रत्येक प्रवाशामागे या परत मिळणाऱ्या शुल्कांचा आकडा काही शेकड्यांत असू शकतो. सगळ्यांच्या तिकिटांवर तो सोडून देण्याजोगा नक्कीच नाही. पीएनआर क्रमांक देऊन एजंटाकडे ईमेलने परताव्याची लेखी मागणी करा. एजंटाकडून तिकीट घेतले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, त्यामुळे त्याच ईमेलची प्रत कंपनीलाही पाठवा. रोख परताव्याऐवजी ‘क्रेडिट शेल’ (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे. कंपनी सक्ती करू शकत नाही. दाद मिळाली नाही, तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

पुढच्या वेळी तिकीट काढताना स्वस्त भाड्यासोबत रद्द करण्याचे शुल्कही पाहा. घरात आजारपण असेल, तर थोडे महाग पण लवचिक तिकीटच शेवटी परवडते.