खंडूच्या जेवणाबद्दल

चि. सायली हिस,


खंडूचं विकतचं खाणं बंद करून घरीच शिजवून घालायचं ठरवलं आहेस, असं ताईकडून कळलं. ऐकून फार बरं वाटलं. पण चिकन-भात घातला की झालं, असं समजू नकोस, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी कॅल्शियम, कारण घरच्या खाण्यात हमखास तेच राहून जातं. चिकनच्या मांसात कॅल्शियम नावालाच असतं आणि फॉस्फरस त्याच्या दहापटीहून जास्त. रानातलं जनावर शिकारीची हाडंही चावून खातं, त्यात त्याचं भागतं. आपण बोनलेस आणतो. मग रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. कुत्रा वरून तुकतुकीत दिसतो, जेवतो, खेळतो, आणि आत हाडं ठिसूळ होत जातात. पिल्लांचे तर पाय वाकतात. खंडू चार वर्षांचा आहे म्हणून मी हो म्हणते; पिल्लू असतं तर डॉक्टरांनी आखून दिल्याशिवाय असलं काही करू दिलं नसतं.

यावर उपाय अंड्याच्या टरफलांचा. टरफलं स्वच्छ धुऊन दहा मिनिटं उकळ, कडकडीत वाळव आणि मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून चाळ. चिमटीत चोळून बघ, पिठीसाखरेसारखी लागली पाहिजे. कणी लागली तर पुन्हा फिरव. लहान चमचाभर पुडीत साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे खंडूला दिवसाला सपाट अर्धा चमचा पुरे. जास्त घालण्याचा मोह नको. आणि हाडं शिजवून कधीही देऊ नकोस. शिजलेल्या हाडाच्या कपच्या निघतात आणि आतडी फाडतात.

खंडूसारख्या १२ किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला ७०० कॅलरींच्या आसपास लागतात. २०० ग्रॅम बोनलेस चिकन (कच्चं असताना मोजलेलं), २५० ग्रॅम शिजलेला भात, एक उकडलेलं अंडं, मूठभर लाल भोपळा किंवा फरसबी आणि चमचाभर तेल, एवढ्यात ते बसतं. दोन वेळांना वाटून दे. वाटीचं माप नको, वजनकाटा आण. शेजारच्या काकू देतात ती बिस्किटंही याच हिशेबात धर.

आता कांदा-लसूण. आपल्याकडे त्यांच्याशिवाय पातेलं चढत नाही, म्हणून हे जास्तच बजावते. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवून, तळून किंवा पावडर करून त्यांचा गुण जात नाही. त्रासही लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. त्यामुळे आपल्या रश्श्यातलं चिकन धुऊन दिलं तरी चालणार नाही. त्याचं पातेलं वेगळं ठेव, त्यात फोडणी नाही, मसाला नाही. द्राक्षं, बेदाणे आणि मनुकाही वर्ज्य, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा खंडूच्या तोंडाशी नेण्याआधी आजींना हे समजावून सांग.

एवढं करूनही हे जेवण पूर्ण होत नाही. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. मी वर लिहिलेली पाककृतीही त्यातलीच समज. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व तिच्यात कमी पडतात. त्यासाठी डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीची पावडर लिहून घे. आपल्या गोळ्या फोडून घालू नकोस. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर कुत्र्याला विषासारखं बाधतं. जाताना कागदावर सगळी वजनं लिहून ने, म्हणजे त्यांनाही नेमकं सांगता येईल.

जुनं खाणं एकदम तोडू नकोस. आठवडाभर थोडं थोडं नवं मिसळत जा, नाहीतर पोट बिघडेल. एकदम शिजवलंस तर तीन दिवसांचं फ्रिजमध्ये ठेव, उरलेलं फ्रीझरमध्ये.

महिन्याभरानं त्याचं वजन कर आणि मला कळव. वाढलं असेल तर आधी भात कमी करू.

तुझी,
सुमनमावशी