सिमेंट कारखान्याचे वचन

आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात यादवाड येथे दालमिया कंपनीचा सिमेंटचा कारखाना आहे. या कंपनीने २०१८ साली एक मोठे वचन दिले. आपले कारखाने जितका कर्बाम्लवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेत सोडतात, त्याहून अधिक वायू २०४० सालापर्यंत आपण आवरून धरू, असे ते वचन होय. अशा वचनाचे मोल कसे ठरवावे? त्यासाठी सिमेंट कसे तयार होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

चुनखडी व चिकणमाती एकत्र दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. त्यातून क्लिंकर नावाचे करडे खडे निघतात. त्यांत थोडा जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार होते. गोमंतकात पूर्वी शिंपल्या भाजून चुना करीत, तेव्हा जे घडे तेच येथेही घडते. चुनखडीतील वायू सुटतो आणि चुनकळी उरते. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू निघून जातो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा वायू तो निराळाच. दोहोंची बेरीज केली, तर निम्म्याहून अधिक वाटा दगडाचाच भरतो.

म्हणून कारखान्याने झाडे लावली, सूर्यप्रकाशापासून वीज घेतली, तर ते स्तुत्यच आहे. परंतु तेवढ्याने दगडातील वायू थांबत नाही. त्यासाठी क्लिंकरच कमी वापरला पाहिजे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतील राख सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के मिसळण्यास भारतीय मानकाची अनुमती आहे. लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी तर ७० टक्क्यांपर्यंत चालते. भाजलेली चिकणमाती व न भाजलेली चुनखडी मिसळून केलेल्या सिमेंटलाही २०२३ साली मानक लाभले. एवढे करूनही काही वायू उरतोच. तो धुराड्यातच पकडून साठवावा लागेल. हे काम फार खर्चाचे आहे आणि वचनाची खरी कसोटी तेथेच लागणार आहे.

तेव्हा कोणत्याही कारखान्याचे असे वचन वाचनात आले, तर तीन प्रश्न विचारावेत. एक टन सिमेंटमागे यंदा किती वायू सुटला? गेल्या वर्षी तो किती होता? आणि त्यात दगडाचा वायू धरला आहे काय? ज्याचे वचन खरे आहे, त्याला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही.

२०४० साल उजाडेल तेव्हा तुम्ही तिशीच्या आसपास असाल. कदाचित स्वतःचे घर बांधीत असाल. त्या घरासाठी आणलेल्या पोत्यावर सिमेंटचा प्रकार छापलेला असेल. तो वाचून मगच पोते उघडावे, एवढे ज्ञान आजच्या या पाठातून तुमच्यापाशी राहावे.