घरांतील हवा व घरांतील माणसें

आपण विहिरीचें पाणी फडक्यानें गाळून घेतों, धान्य निवडून दळतों, विटलेलें अन्न मुलांच्या हातीं लागूं देत नाहीं. पोटांत जाणाऱ्या पदार्थांविषयीं एवढी काळजी वाहणारे आपण छातींत जाणाऱ्या पदार्थाविषयीं मात्र फारसा विचार करीत नाहीं. हवा दिसत नाहीं व तिला मोल पडत नाहीं, म्हणून ती चांगलीच असणार असें आपण धरून चालतों. परंतु दार व खिडकी लावून जेथें सारें कुटुंब रात्रभर निजतें, तेथील हवा पाण्यासारखीच गढूळ होते. भेद एवढाच कीं हा गढूळपणा डोळ्यांस दिसत नाहीं. आजच्या धड्यांत आपण तीन गोष्टींचा विचार करूं : श्वासानें बिघडलेली हवा, धुरानें बिघडलेली हवा व खोकल्यानें बिघडलेली हवा. शेवटीं, घरांतील हवा खेळती कशी ठेवावी हें पाहूं.

१. श्वासानें बिघडलेली हवा

बाहेरील हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु असतो. कर्बाम्लवायु, ज्यास शाळेच्या पुस्तकांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो दहा हजार भागांत अवघा चार भाग असतो. आपण श्वास बाहेर टाकतों तेव्हां त्या हवेंत प्राणवायु शंभरांत सुमारें १६ भाग उरतो आणि कर्बाम्लवायु सुमारें ४ भाग होतो. म्हणजे हा वायु बाहेरील हवेच्या शंभर पट होऊन नाकावाटें परत येतो.

जर्मनींतील म्यूनिक शहरीं माक्स फॉन पेटेनकोफर नांवाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनीं १८५८ सालीं असें दाखविलें कीं, खोलींतील हा वायु मोजला म्हणजे तेथील हवा किती कोंडली आहे हें कळतें. दहा हजार भागांत दहा भागांपर्यंत तो असला तर हवा चालेल, त्याहून अधिक झाला तर खोलींत नवी हवा पुरेशी येत नाहीं, असें माप त्यांनीं घालून दिलें. हें माप आजही जगांत वापरलें जातें. मात्र त्यांचें म्हणणें नीट समजून घ्यावें. एवढ्या प्रमाणांत हा वायु स्वतः विष नव्हे. तो चोर नसून चोराची पाऊलखूण आहे. तो वाढला याचा अर्थ एकानें टाकलेला श्वास दुसरा घेत आहे. आणि त्या श्वासाबरोबर आणखी काय येतें तें पुढें सांगूं.

आतां एक हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी खोली घ्या. तींत सुमारें २८,३०० लिटर हवा मावते. तींत पांच माणसें निजलीं आहेत. निजलेला मनुष्य तासाला सुमारें १२ लिटर कर्बाम्लवायु सोडतो, म्हणून पांचांचे मिळून ६० लिटर झाले. दहा हजारांत चार भागांवरून दहा भागांवर जाण्यास ह्या खोलींत केवळ १७ लिटर पुरतात. खोली पूर्ण बंद असेल तर पेटेनकोफर यांची मर्यादा सुमारें १७ मिनिटांत ओलांडली जाते, आणि रात्र तर आठ तासांची! सकाळीं उठतांना डोकें जड होणें, अंग मोडून येणें, मुलांस आळस सुटत नसणें, ह्यांचें एक कारण येथें असूं शकतें.

कोणी म्हणेल, “आमचे वाडवडील अशाच घरांत राहिले.” खरें आहे, परंतु त्यांचें घर असेंच नव्हतें. कौलांच्या फटींतून हवा येई. माळवदाच्या घरांत चुलीच्या वर साणें ठेवलेलें असे. त्यांतून उजेड आंत येई व धूर बाहेर जाई. आतां त्या जागीं सिमेंटचा स्लॅब आला. घर पक्कें झालें ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु जुन्या घरास न मागतां मिळणारी हवा नव्या घरांत आपण हेतुपूर्वक आणावी लागते.

२. धुरानें बिघडलेली हवा

लांकूड, गोवऱ्या व काट्याकुट्या जाळल्या म्हणजे धुरांत इतके बारीक कण निघतात कीं ते नाकांत किंवा घशांत अडकत नाहींत, थेट फुप्फुसाच्या तळाशीं जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, कोंडलेल्या घरांत हे कण योग्य मर्यादेच्या शंभर पटींपर्यंत असूं शकतात. घरांतील अशा धुरानें २०२० ह्या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पांच वर्षांखालील मुलें २ लक्ष ३७ हजारांहून अधिक होतीं. लहान मुलांस न्यूमोनिया, बायकांस जुनाट खोकला व दमा लागल्यासारखी धाप, मोतीबिंदु, हृदयाचा विकार, हीं ह्या धुराचीं फळें आहेत. पुरुष शेतावर असतो. धूर जिच्या वांट्यास येतो ती घरची बाई, आणि तिच्या कडेवरचें मूल.

ह्या धुराचें पहिल्यानें नीट मापन झालें तें आपल्या शेजारच्या गुजरातेंतील खेड्यांत. कर्क स्मिथ नांवाचे अमेरिकन संशोधक व अहमदाबादचे त्यांचे सहकारी यांनीं स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापनयंत्रें लावून तेथील धूर मोजला व १९८३ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें ग्वाटेमाला देशांत स्मिथ यांनीं कांहीं घरांत उघड्या चुलीच्या जागीं धुराड्याची चूल बसविली, कांहीं घरांत जुनी चूल राहूं दिली, व तान्ह्या मुलांवर लक्ष ठेविलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : न्यूमोनिया एकंदरींत घटला असें खात्रीनें म्हणतां आलें नाहीं, परंतु गंभीर न्यूमोनिया सुमारें एक तृतीयांशानें कमी झाला. ह्यावरून दोन बोध घ्यावे. धुराडें उपयोगी आहे. परंतु धुराड्यापेक्षां धूरच नसलेलें जळण अधिक चांगलें. २०१६ पासून सरकारी योजनेनें पुष्कळ गरीब घरीं गॅसची शेगडी आली आहे. सिलिंडर भरण्यास पैसा जुळत नाहीं म्हणून चूल पुन्हां पेटते, हें आम्ही जाणतों. तेव्हां निदान तान्हें मूल घरांत असेल तितके महिने तरी स्वयंपाक गॅसवर करावा, आणि पाणी तापविण्याची चूल अंगणांत मांडावी.

दोन इशारे येथें दिले पाहिजेत. थंडीच्या दिवसांत पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलींत घेऊन कोणींही निजूं नये. तींतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, त्यानें डोळे चुरचुरत नाहींत. तो रक्तांतील तांबड्या द्रव्यास प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि निजलेला मनुष्य जागा न होतांच मरतो. दुसरा इशारा डासांच्या जळत्या कॉइलविषयीं. २००३ सालच्या एका शोधांत असें आढळलें कीं, एक कॉइल पूर्ण जळली म्हणजे ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेंत जातात. तेव्हां बंद खोलींत मुलांच्या उशाशीं कॉइल लावण्यापेक्षां मच्छरदाणी बरी.

३. खोकल्यानें बिघडलेली हवा

क्षयाचे जंतु रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केले. तथापि ते एकापासून दुसऱ्याकडे कसे जातात ह्याविषयीं पुढें पुष्कळ वर्षें वाद होता. तो वाद अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें मिटला. क्षयरोग्यांच्या एका दालनांतील हवा नळीनें गच्चीवरच्या पिंजऱ्यांत नेली. तेथें गिनीपिग नांवाचे लहान प्राणी ठेविले होते. त्यांचा रोग्यांशीं अन्य कांहीं संबंध नव्हता. केवळ हवा एक होती. तरी त्यांस क्षय झाला. हा निष्कर्ष रिचर्ड रायली व त्यांचे सहकारी यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे रोग्याचें ताट किंवा अंथरूण हें रोगाचें मुख्य वाहन नसून कोंडलेली हवा हें आहे.

मग ती हवा बाहेर कशी घालवावी? पेरू देशाच्या लिमा शहरांतील आठ रुग्णालयांत हें मोजून पाहिलें व २००७ सालीं प्रसिद्ध केलें. खिडक्या व दारें उघडलीं असतां खोलींतील हवा तासाला सुमारें २८ वेळां बदलली. यंत्रानें हवा खेळविणाऱ्या खोल्यांचें प्रमाण १२ वेळां धरलें होतें. त्यांतही १९५० पूर्वीं बांधलेल्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या दालनांत ती सुमारें ४० वेळां बदलली. ज्या उपायास पैसा लागत नाहीं तोच येथें सरस ठरला.

आपल्या मुंबईचा अनुभवही असाच आहे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला तेव्हां अंधाऱ्या, कोंदट खोल्यांस दोष देऊन सरकारनें छपरांचीं कौलें काढून उजेड आंत घेतला. प्लेग उंदरांवरील पिसवांनीं पसरतो हें पुढें निश्चित झालें. म्हणजे त्यांनीं मानलेलें कारण चुकलें होतें. परंतु १८९८ सालीं स्थापिलेल्या सुधारणा-मंडळानें, समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा खोलीपुढें असावी, असा जो नियम पुढें आणिला, तो क्षयाच्या बाबतींत योग्यच होता. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील तीन पुनर्वसन-वसाहतींच्या पाहणीचा वृत्तांत २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतही, जेथें इमारती एकमेकींस खेटून उभ्या व घरांत ऊन-वारा नाहीं, तेथें क्षय अधिक आढळला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायीं माणसें दुखावतात. पूर्वीं क्षयावर औषध नव्हतें, म्हणून रोग्यास डोंगरावरच्या आरोग्यधामांत मोकळ्या हवेंत ठेवीत. त्यामुळें रोगी घरांत नको, ही समजूत रूढ झाली. आजही कोठें कोठें खोकणारी सून माहेरीं पाठविली जाते व म्हाताऱ्यास गोठ्यांत टाकतात. परंतु मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या प्रयोगांत कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत व कांहींस त्यांच्या गरीब, दाटीच्या घरींच ठेवून सारखेंच औषध दिलें. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांस अधिक लागण झाली नाहीं. म्हणून हें पक्कें ध्यानांत ठेवा : रोगी बरा होतो तो औषधानें, खेळत्या हवेनें रोग दुसऱ्याकडे जाण्याचें थांबतें. सर्वांत अधिक धोका औषध सुरू होण्यापूर्वीं असतो, जेव्हां कोणास कांहीं ठाऊक नसतें. ह्यासाठींच खिडकी रोग कळण्याची वाट न पाहतां उघडावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषध दोन्ही तेथें विनामूल्य आहेत. साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या औषधानें बरा होतो, परंतु मधेंच औषध सोडूं नये.

४. हवा खेळती कशी ठेवावी

एका खिडकीनें काम भागत नाहीं. हवेला येण्यास एक वाट व जाण्यास दुसरी वाट पाहिजे, आणि शक्यतों त्या समोरासमोर असाव्या. तापलेली हवा वर चढते, म्हणून एक झरोका छताजवळ असावा. नवें घर बांधणाऱ्यानें गवंड्यास पाया घालण्यापूर्वींच हें सांगावें. भिंत उभी राहिल्यावर भोंक पाडणें जड जातें.

खिडकी न उघडण्याचीं चार कारणें लोक सांगतात. चोराचें भय असेल तर गज बसवावे. सर्प-विंचवाचें व डासांचें भय असेल तर बारीक जाळी ठोकावी. जाळीनें हवा थोडी कमी होते, बंद होत नाहीं. थंडीचें भय असेल तर पांघरूण वाढवावें व वरचा झरोका तेवढा उघडा ठेवावा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं रोग्यांच्या शुश्रूषेवर लिहितांना पहिला नियम हाच सांगितला कीं, रोग्यास बाहेरच्यासारखी शुद्ध हवा द्यावी, पण त्यास गारठूं देऊं नये. चौथें कारण, रात्रीची हवा वाईट असते, हें. हिंवताप हवेनें येत नसून डासानें येतो हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें केलेल्या शोधापासून सिद्ध झालें आहे. रात्रीची हवा निरपराध आहे. तिला आंत येऊं द्या, डासास येऊं देऊं नका.

शिक्षकांस सूचना : वर्गांत एक वात पेटवून विझवावी व तिचा धूर खिडकीजवळ धरावा. प्रथम एकच खिडकी उघडी ठेवावी, नंतर समोरचें दारही उघडावें. धूर कसा वळतो हें मुलें डोळ्यांनीं पाहतील, आणि घरीं जाऊन आईबापांस सांगतील. हा धडा ज्या खोलींत शिकवाल तिच्या खिडक्या प्रथम उघडा.

प्रश्न
१. बाहेर टाकलेल्या श्वासांत कर्बाम्लवायु किती पट वाढतो?
२. पेटेनकोफर यांच्या मतें हा वायु कशाची खूण आहे?
३. शेगडीच्या वायूची ओळख निजलेल्या मनुष्यास कां पटत नाहीं?
४. बाल्टिमोरच्या प्रयोगानें काय सिद्ध झालें?
५. क्षयरोग्यास घराबाहेर घालविणें अन्यायाचें कां?
६. आपल्या घरांत हवेची येण्याची वाट कोणती व जाण्याची कोणती? आज रात्रीं निजण्यापूर्वीं पाहा.