पार्लरचा कोर्स निवडताना आधी तिथली हवा बघा

मुलगी दहावीनंतर पार्लरचा कोर्स करायचा म्हणाली, की गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव, सालेकसा, देवरीकडचे आईवडील दोन गोष्टी विचारतात: कमाई किती होईल आणि लोक काय म्हणतील? दिवसाचे आठ-दहा तास ती जिथे उभी राहणार, तिथली हवा कशी असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यांत आधी तेच विचारायला हवं.

काम चांगलं आहे, याबद्दल शंका नको. आयटीआयमध्ये दहावीनंतर एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड असतो. जवळच्या संस्थेत यंदा तुकडी आहे का, ते व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर पाहा. घरात पिढीजात केशकर्तनाचं काम असेल, तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत तेही आहे. त्यात पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज मिळतं.

आता हवेचं. आज सलूनची मोठी कमाई केराटिन, स्मूदनिंग, हेअर कलर आणि नेल एक्स्टेन्शनवर आहे आणि वाफाही याच कामांतून निघतात. केस सरळ करण्याच्या काही क्रीममध्ये फॉर्माल्डिहाइड किंवा ते सोडणारी रसायनं असतात. त्यावर दोनशे अंशांहून तापलेला स्ट्रेटनर फिरला, की वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू माणसात कर्करोग घडवणारा ठरवला. डब्यावर ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ छापलेलं असलं, तरी तेवढ्यावर विसंबू नका. असं लिहिलेल्या उत्पादनांतही तो सापडल्यावर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने २०११ मध्ये सलूनना इशारा दिला होता. घटकांच्या यादीत मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मलिन दिसलं, तर तो त्याचाच प्रकार समजा. ब्लीच पावडरमधल्या परसल्फेटमुळे काही कारागिरांना दमा जडतो.

ग्राहक दोन-चार महिन्यांतून एकदा येतो, कारागीर रोज तिथेच असतो. शिवाय वासाची नाकाला सवय होते. वास जाणवेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असं नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही. खरा उपाय म्हणजे हवा बाहेर काढणं.

गोंदियाच्या बाजारातला साधा गाळा घ्या. पुढे शटर, मागे बंद भिंत. लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये, म्हणून काचेचं दार लावून एसी सुरू. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. आपला विदर्भातला कूलर इथे उपयोगी पडतो, पण तो खिडकीत बसवलेला हवा आणि आत आलेली हवा निघायला समोरच्या बाजूला वाट हवी. खोलीत मधोमध ठेवलेला कूलर वाफा नुसत्या घुसळतो.

एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर तो तासाला किती घनमीटर हवा काढतो ते छापलेलं असतं. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. ३४० घनमीटरचा पंखा ती तासात दहा वेळा बदलेल. अर्थात दुसरीकडून ताजी हवा आत यायला फट असेल तरच. पंखा मागच्या भिंतीत, दार समोर, स्मूदनिंगची खुर्ची पंख्याजवळ आणि कारागीर दाराच्या बाजूला. म्हणजे वाफ तोंडावरून न जाता सरळ बाहेर जाते. हा खर्च एका फेशियल मशीनपेक्षा कमी आहे, तरी दुकान सजवताना तो शेवटी आठवतो, याचं वाईट वाटतं.

हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनाची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे रोजचेच. मुलीला आधीपासून दमा असेल, तर फी भरण्याआधी डॉक्टरांना विचारा. मेकअप, मेंदी, थ्रेडिंग, साडी नेसवणं यांतही चांगलं करिअर होतं.

आणि क्लास निवडताना सकाळी ऑफिसात फी विचारून परतू नका. दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना आत अर्धा तास बसा. एक्झॉस्ट सुरू आहे का, मुलींच्या हातात मोजे आहेत का, वापरातल्या क्रीमची सेफ्टी डेटा शीट मागितली तर दाखवतात का, ते बघा. तुमचेच डोळे झोंबायला लागले, तर तिथे प्रवेश घेऊ नका.