न दिसणारा ग्रह कसा सापडला?

आपल्या सूर्याला ग्रह आहेत. तसे लांबच्या ताऱ्यांनाही असतात. पण बहुतेक ग्रह दुर्बिणीतूनसुद्धा दिसत नाहीत. मग सापडतात कसे?

भिंग उन्हात धरले की उजेड एका जागी गोळा होतो. तारापण भिंगाचे काम करतो. एक तारा दुसऱ्याच्या बरोब्बर पुढे आला, की त्याच्या ओढीने मागच्याचा उजेड वाकतो. मग मागचा तारा काही दिवस जास्त चमकतो. पुढच्या ताऱ्याला ग्रह असेल, तर मध्येच उजेड आणखी वाढतो.

थोर शास्त्रज्ञ आईनस्टाईन यांनी १९३६ साली लिहिले, की हे दिसण्याची फारशी आशा नाही. कारण तारे असे एका रेषेत क्वचितच येतात. पण २००३ साली चिली व न्यूझीलंड या देशांतल्या दुर्बिणी लाखो ताऱ्यांवर लक्ष ठेवून होत्या. धनू राशीत तसा उजेड वाढलेला दिसला. या रीतीने सापडलेला तो पहिला ग्रह! तो गुरूसारखा वायूचा गोळा असावा. वजन गुरूच्या सुमारे अडीचपट. तिथून उजेड इथे यायला अंदाजे १९ हजार वर्षे लागतात.

तो योग पुन्हा येत नाही. त्या रात्री कोणी पाहिलेच नसते, तर ग्रह कळलाच नसता. म्हणून शास्त्रज्ञ रोज रात्री आकाश पाहतात.