गाडीला वेळ आहे तर नामावळी बघून ये

पुण्याहून एसटीने यायचं आणि नाशिक रोडला संध्याकाळची नागपूरकडची गाडी धरायची, हा आपल्या घरातल्या पोरांचा नेहमीचा रस्ता. मधला सगळा दिवस मात्र वेटिंग रूममध्ये मोबाइल चार्जिंगला लावून जातो, याचं मला वाईट वाटतं. तिथून 9-10 किलोमीटरवर, रामकुंडाजवळ, आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे आपल्या घराण्याची नामावळी आहे. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या गावाहून आला, कशासाठी आला, हे ज्यानं त्यानं स्वतः सांगून लिहवून ठेवलंय. या खेपेला तू तिथं जाच. मात्र आत्याआजीचं थोडं ऐकून जा.

आधी वेळेचं बघ. दोन गाड्यांच्या मध्ये पाच तास नसतील तर रामकुंडाचं नाव काढू नकोस. पूर्वी स्टेशनापासून गावात घोड्यांची ट्राम जायची. आता शेअर रिक्षा आहेत, सिटीलिंकच्या बस आहेत, पण वाटेत द्वारका चौकात अडकलीस की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. जाऊन-येऊन दोन तास आणि उपाध्यांकडे दोन तास धर. वेळ कमी असेल तर स्टेशनाजवळचं मुक्तिधाम बघ. मकराण्याचा पांढरा संगमरवर, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय, बघण्यासारखंच आहे. बॅगेला कुलूप घालून आण, क्लोकरूममध्ये बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. पितृपक्षात आणि अमावास्येला जाऊ नकोस, उपाध्यांना मान वर करायला फुरसत नसते. 2027 च्या सिंहस्थात तर घाटावर उभं राहायलाही जागा मिळणार नाही.

खरी तयारी घरून निघताना करायची. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, आजोबा-पणजोबांची नावं एका कागदावर लिहून घे. फोनमध्ये नको, कागदावरच, कारण तो कागद तुला उपाध्यांच्या हातात द्यायचाय. मूळ गाव म्हणजे वडिलांची बदली झाली ते नव्हे. आडनावाचीही चौकशी कर. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनाची नावं, त्यांच्यामागे कधी कधी दुसरंच जुनं आडनाव असतं आणि नामावळी त्या नावाने निघते. उपाध्यांचा नंबर घरात कुणाकडे तरी असतो. शेवटचं अस्थिविसर्जन ज्यानं केलं त्याला विचार. निघायच्या आदल्या दिवशी फोन केलास तर ते पान काढूनच ठेवतात.

नंबर नाहीच मिळाला तरी अडत नाही. रामकुंडावर कुणाही गुरुजींसमोर उभी राहा आणि गाव नि आडनाव सांग. ते जातही विचारतील, कारण यजमान तसेच वाटलेले आहेत. हे गाव आपलं नसेल तर ते कुणाचं हे त्यांना पाठ असतं, तिकडे पाठवतात. ‘मीच तुमचा उपाध्या’ म्हणत कुणी मागे लागला तर एवढंच म्हण, ‘आमच्या गावचं पान दाखवा.’ पान दाखवेल तो आपला. आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाक की नामावळी बघायची आहे, विधी करायचा नाही. विधी करावासा वाटला तर जरूर कर, पण संकोचाने होकार देऊ नकोस. वह्या पिढ्यानपिढ्या वाळवीपासून, गोदावरीच्या पुरापासून जपल्यात त्यांनी, तेव्हा निघताना दक्षिणा मनापासून दे.

पान समोर आलं की घाई करू नकोस. जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडीत हात न उचलता लिहीत, शब्द सुटे करत नसत, म्हणून तुला ती नुसती एक लांब ओळ दिसेल. उपाध्यांना सावकाश वाचायला सांग आणि शेजारी देवनागरीत उतरवून घे. साल शकात असेल तर 78 मिळव. शके 1850 म्हणजे 1928. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर 79. फोटो विचारूनच काढ. वारसाच्या भांडणात या नोंदी कोर्टापर्यंत जातात, त्यामुळे काही उपाध्ये अनोळखी माणसाला फोटो देत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

आपल्या पानावर माझ्या आजोबांची मोडीतली सही आहे, शेवटचं अक्षर खाली ओढलेलं. तिच्याखाली त्यांच्या धाकट्या भावाचा अंगठा, शाई तपकिरी पडलेली. मग माझ्या वडिलांची देवनागरी सही, आणि पुढे त्यांचे मुलगे ओळीनं. तुझे आजोबा त्यात आहेत. मी नव्हते. मुलींची नावं घालायची पद्धत नव्हती. मी स्वतः जाऊन ‘कन्या’ म्हणून माझं नाव घालून घेतलं, सासरच्या गावासकट. उपाध्यांनी एका शब्दाने आडकाठी केली नाही. कुणी सांगितलंच नव्हतं, एवढंच.

तुला पाठवतेय ती याचसाठी. नुसतं बघून परत येऊ नकोस. तुझ्या आजोबांनंतर ते पान कोरं आहे. तुझे बाबा त्यात नाहीत, तू नाहीस, तुझी बहीण नाही. सगळ्यांची नावं सांग. आईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव सांग. तुझा भाऊ कॅनडात आहे तर त्याच्या तिथल्या गावाचं नाव लिहवून घे. पुढे त्याच्या मुलांना कुणी विचारलं तर हाच एक धागा राहील. लिहून झालं की मोठ्याने वाचून घे, तारीख घाल, खाली स्वतःच्या हाताने सही कर.

बरोबर मैत्रीण असेल आणि तिच्या घराण्याची नामावळी तिथं निघाली नाही, तर तिला घाटावर थांबवून हिरमुसली करू नकोस. कित्येक घरांना इथं येऊच दिलं नाही. घाटापासून जवळच, काळारामाच्या दाराशी, 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला तो अशाच बंदीविरुद्ध. तिला सांग, पणजोबांच्या गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघ, तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक माग. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. 2023 मध्ये शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी शोध सुरू केल्यापासून मोडीतली ही दप्तरं उघडली गेलीत आणि वाचणारी माणसंही मिळू लागलीत.

परत निघताना गाडीच्या आधी दोन तास रामकुंड सोड, संध्याकाळी द्वारकेची गर्दी वाढते. गाडीत बसलीस की पानाचा फोटो, नाहीतर उतरवलेला कागद, यवतमाळच्या काकांना पाठव. माझ्या आजीचं माहेरचं नाव फक्त त्यांना माहीत आहे आणि पानावर त्या जागी नुसतं ‘भार्या’ आहे. त्यांच्याकडून ते लेखी मागव, पुढच्या खेपेला घालू.